खणातली पाच पत्रं

ताई,

मी अठरा वर्षांची आहे, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. पाचवीपासून बारावीपर्यंत मी आणि माझी मैत्रीण एकाच बाकावर बसलो. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलींना एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा द्यायला परवानगी दिली, तेव्हा आम्ही नववीत होतो आणि शाळा मोबाइलवर चालू होती. वर्ग चालू असतानाच तिचा मेसेज आला, "आपण दोघी जायचं." त्या दिवसापासून सगळं दोघींनी केलं. पहाटे धावणं, गणिताचे पेपर सोडवणं, फॉर्म भरणं. लेखी परीक्षा दोघी पास झालो. मुलाखतीच्या तारखा मात्र वेगवेगळ्या आल्या. मी पहिल्या दिवशीच स्क्रीन-आउट झाले. दुपारी नंबर वाचले, त्यात माझा नव्हता. चेस्ट नंबर परत केला आणि न उघडलेली बॅग घेऊन संध्याकाळच्या गाडीत बसले. तिची निवड झाली. मेडिकल, मेरिट लिस्ट, सगळं पार करून ती जुलैत खडकवासल्याला गेली.

तिथून तिची पाच पत्रं आली. मी एकाचंही उत्तर दिलेलं नाही. पहिलं पत्र आठ पानांचं होतं. पाचवं अर्ध्या पानाचं, आणि त्याच्या शेवटी, "रागावलीस का?" चार वेळा लिहायला बसले. दोनदा अभिनंदनाचं कार्ड झालं, दोनदा रडगाणं. फाडून टाकलं. तिचा दिवस परेड आणि पोहण्याचा, माझा बसचा आणि प्रॅक्टिकलचा. तिला मी काय सांगू? आई म्हणते, आता राहू दे, डिसेंबरात सुट्टीला येईल तेव्हा समोरासमोर बोला.

ता. क. तिसऱ्या पत्रात तिने लिहिलं होतं, "इथून पळून यावंसं वाटतंय." ते वाचून मला क्षणभर बरं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

– निरुत्तर

प्रिय निरुत्तर,

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे. जागेसाठी मी ते कापलं. तेव्हा आपल्याला पत्र लिहिता येत नाही, ही तक्रार तू आधी मागे घे.

ताज्या कलमापासून सुरुवात करते. इतकी वर्षं हे सदर लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली आहे. माणसं चार पानं भूमिका बांधतात आणि खरं पत्र ता. क. मध्ये लिहितात. तुझंही तसंच झालंय. बस, प्रॅक्टिकल, अभिनंदनाचं कार्ड ही सगळी कारणं खरी आहेत, पण हात अडकतो तो त्या एका क्षणापाशी. मैत्रीण रडत होती आणि आपल्याला बरं वाटलं. असं वाटणारी मुलगी तिला "काळजी घे" कोणत्या तोंडाने लिहिणार?

आता जरा नीट बघ, बरं कशाचं वाटलं? तिला त्रास होतोय याचं, की जे दार तुझ्या तोंडावर बंद झालं त्याच्या पलीकडेही फार सुख नाही, हे कळल्याचं? गोष्टीतला कोल्हा द्राक्षं आंबट आहेत म्हणत निघून जातो. त्या बिचाऱ्याला ती चाखलेल्या कुणी पत्र पाठवून सांगितलं असतं की हो रे बाबा, खरंच आंबट आहेत, तर त्याला जे वाटलं असतं, तेच तुला वाटलं. सुंदर भावना नाही ती. पण तिला सैतानाचं रूप देऊन खणात कोंडावं इतकी मोठीही नाही.

आणि म्हणूनच ही गोष्ट तिला कळवू नकोस. इथे मी अनेकांच्या मताविरुद्ध जातेय, याची कल्पना आहे. मैत्रीत सगळं स्वच्छ सांगावं असं हल्ली सारखं ऐकू येतं. पण ही कबुली कुणाच्या सोयीची? तुझं मन हलकं होईल आणि ते ओझं तिच्या खांद्यावर जाईल. तिथे तिच्या खांद्यावर आधीच पुरेसं आहे. रविवारी ती पत्र उघडणार, "तू रडत होतीस तेव्हा मला बरं वाटलं" हे वाचणार, आणि सोमवारी पहाटे ते डोक्यात घेऊन मैदानात उभी राहणार. नको. दहा वर्षांनी दोघी हसत बोलाल यावर, किंवा बोलणारही नाही. मला सांगितलंस, तेवढं पुरे.

सांगायचं आहे ते वेगळंच. निवड न होण्याचं दुःख होतं, ते एकदा, दोन-तीन वाक्यांत सांग. काहीसं असं:

"तुझी पाचही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण ती वाचताना मला स्टेशनवरची माझी न उघडलेली बॅग दिसायची. राग तुझ्यावर नव्हता, आता लिहिते."

शब्द तुझे घाल, पण लांबी एवढीच ठेव. चौथ्या वाक्यापासून रडगाणं सुरू होतं, हे तू दोनदा अनुभवलंच आहेस. आणि माफी एकदाच माग. पत्रभर माफी मागणाऱ्याचं सांत्वन वाचणाऱ्याला करावं लागतं.

आता तिच्या बाजूला जाऊया, कारण तुला वाटतंय तिचं आयुष्य म्हणजे रोजची परेड आणि टाळ्या. एनडीएत तीन वर्षांच्या सहा टर्म असतात आणि त्यांत पहिली टर्म म्हणजे उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं. उजाडायच्या आधी उठायचं, मग पीटी, ड्रिल, वर्ग, दुपारी खेळ, संध्याकाळी अभ्यासाचा तास, आणि या सगळ्याच्या मधे कपडे बदलून वेळेत फॉल-इन व्हायचं, म्हणजे रांगेत हजर व्हायचं. चालत जाणं जवळजवळ नाहीच. ड्रिलची परीक्षा पास होईपर्यंत रविवारी बाहेर सोडत नाहीत. त्या बाहेर जाण्याला तिथे लिबर्टी म्हणतात, शब्दच बोलका आहे. मोबाइल हाताशी नसतो. शाळेत जी सगळ्यांत पहिली यायची, ती तिथे अशा वर्गात बसते जिथे प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला येत होता. आणि हाक आडनावाने. तिच्या लाडक्या नावाने हाक मारणारं आसपास कुणी नाही. ते नाव आता फक्त पत्रांत उरलंय, आणि त्यातलं तुझ्याकडचं पत्र आलेलंच नाही.

त्यात मुली मोजक्या. २०२२ मध्ये पहिली तुकडी गेली तेव्हा त्यात १९ जणी होत्या, आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांतल्या १७ जणी अंतिम पग, म्हणजे निरोपाच्या संचलनातली शेवटची पायरी, ओलांडून बाहेर पडल्या. मुलींसाठी जागा किती थोड्या ठेवलेल्या असतात ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. पण याचीच दुसरी बाजू अशी की मन मोकळं करायला तिच्या आसपासही थोड्याच जणी आहेत.

म्हणून आठ पानांचं पत्र अर्ध्या पानावर आलं, त्याचा अर्थ लावताना घाई करू नकोस. पहिलं पत्र नव्या नवलाईचं असतं, तेव्हा सगळं सांगायचं असतं. पुढे थकवा येतो, सांगण्याजोगं नवं उरत नाही, आणि जे असतं ते लिहिताना डोळे मिटायला लागतात. तू उत्तर दिलं असतंस तरी ती पत्रं आखूड झालीच असती. फक्त शेवटचा प्रश्न आला नसता.

माझा धाकटा भाऊ १९८६ मध्ये अशाच एका लष्करी प्रशिक्षण संस्थेत दाखल झाला. मी त्याला दर आठवड्याला लिहायची, आणि मला वाटायचं की मी फार थोर काम करतेय. देशसेवा, जिद्द, वडिलांना तुझा किती अभिमान आहे, असं सगळं. त्याची उत्तरं दोन ओळींची. एकदा पान भरायला काही सुचेना, म्हणून लिहिलं की माळ्यावर मांजर व्यालीय आणि बाबांनी माळ्याची शिडी काढून ठेवलीय, कुणी वर जाऊ नये म्हणून. उलट टपाली उत्तर आलं, एका पानात सात प्रश्न. किती पिल्लं? रंग कोणते? बाबा स्वतः दूध घेऊन वर चढतात का? शिडी काढलीय तर चढतात कसे? त्या दिवशी मला कळलं की माझी आधीची पत्रं त्याने कर्तव्य म्हणून वाचली होती. त्याच्याकडे जिद्द आणि देश यांवर बोलणारे सकाळपासून रात्रीपर्यंत होते. माळ्यावरच्या मांजरीची खबर देणारी मी एकटी होते.

तर "माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तुझी बस. प्रॅक्टिकलला फुटलेली परीक्षानळी, आणि त्याचे पैसे कुणाकडून घ्यायचे यावरून झालेला वाद. तुमच्या जुन्या बाकावर आता कोण बसतं, हे शाळेत जाऊन बघून ये आणि लिही. तू पहाटे धावायला अजून जातेस का, हेही. थांबवलं असशील तर थांबवलं म्हणून लिही. ज्या रस्त्यावर दोघी धावत होतात तो रस्ता अजून तिथेच आहे, एवढं कळलं तरी तिला पुरेल.

सुरुवात कुठून करायची ते सांगते. पाचही पत्रं बाहेर काढ आणि पेन्सिल घेऊन फक्त तिचे प्रश्न अधोरेखित कर. तिने विचारलेच असतील. आईचा गुडघा कसा आहे, अमक्या सरांची बदली झाली का, तुझं प्रॅक्टिकलचं काय. ही यादी म्हणजेच तुझं पत्र. पत्राला उत्तर देणं म्हणजे मुळात विचारलेल्याचं उत्तर देणं, हे आपण फोनच्या नादात विसरलोय. वर कोपऱ्यात तारीख घाल आणि पत्राला क्रमांक दे. तुझं एक निघालं आणि तिचं एक वाटेत असलं की दोन्हींची चुकामूक होते, मग "तू हे का नाही लिहिलंस" यावरून फुकटचे रुसवे. क्रमांक असला की भांडण मिटतं. आम्ही भावंडांनी १४३ पर्यंत मजल मारली होती.

पाकीट साधं ठेव. बाहेर चित्रं, चिकटवलेल्या चांदण्या, लाडकी नावं काही नको. पत्रं हातात पडतात तेव्हा आजूबाजूला बरेच डोळे असतात. भावाच्या एका सोबत्याला गुलाबी पाकिटं यायची, त्याला टर्म संपेपर्यंत सगळे गुलाबराव म्हणायचे. आत काय वाट्टेल ते लिही. आणि तिची पत्रं ही तिचीच आहेत. त्यांचे फोटो काढून स्टेटसला लावणं, दोघींच्या जुन्या ग्रुपवर "बघा आपली वाघीण" म्हणून टाकणं, हे मोह टाळ. तिथल्या दिनक्रमाचे बारकावे गावभर व्हायची गरज नाही आणि तिचं रडणं तर नाहीच नाही.

त्या रडण्याबद्दल एक गंभीर गोष्ट. "पळून यावंसं वाटतंय" हे पहिल्या टर्ममध्ये अगदी चांगल्या कॅडेटच्याही पत्रात येतं. प्रवेशाच्या वेळी आईवडिलांनी बंधपत्र लिहून दिलेलं असतं. मुलीने मनानेच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च भरावा लागू शकतो, हे तिलाही माहीत आहे. त्यामुळे बहुतेक वेळा त्या वाक्याकडे उसासा म्हणून बघावं. पण तिसरं पत्र या नजरेने पुन्हा वाच. पुढच्या पत्रांतही तोच सूर आहे का? जेवण जात नाही, झोप येत नाही, जगून काय करायचं, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं, असं काही आहे का? यातलं एक जरी वाक्य दिसलं, तरी माझं उत्तर छापून यायची वाट न पाहता तिच्या आईवडिलांना ते पत्र दाखव. "तिने माझ्या विश्वासाने लिहिलं होतं" हा विचार तेव्हा आड येऊ देऊ नकोस. ते तिच्या विभागातल्या अधिकाऱ्याशी बोलू शकतात, तू बोलू शकत नाहीस. आणि तसं काही नसेल तर तुझ्या पत्रात त्या वाक्याची दखल घे, नुसती: "पळून यावंसं वाटतंय म्हणाली होतीस. अजून तसंच आहे का?" उपदेश नको. "तुला तरी मिळालं, टिकव" हे तर मुळीच नको. ते वाक्य तुझ्या जिभेवर येणार, मला माहीत आहे.

आईच्या सल्ल्याबद्दल. त्यांना दुखवायचं नाही, पण डिसेंबरपर्यंत थांबू नकोस. नोव्हेंबरच्या शेवटी सहाव्या टर्मची पासिंग आउट परेड होते, मग बाकीच्यांना सुट्टी. ती घरी येईल तेव्हा दारात माणसांची रांग असेल. मामा, काका, शेजारी, शाळेचे सर, सत्कार, हारतुरे. त्या गर्दीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर तू, पाच पत्रांचं उत्तर न दिलेली. दोघींच्या नजरा भेटतील आणि कुणीतरी मधे पेढ्यांचं ताट धरेल. समोरासमोर बोलणं सोपं असतं, पण दोघी आधीपासून बोलत असतील तरच. पत्र आधी गेलं असेल तर ती त्या गर्दीतून उठून तुझ्याकडे येईल आणि दोघी गच्चीवर जाल.

तू न विचारलेल्या गोष्टीवर थोडंसं. पहिल्या दिवशी परत पाठवलं म्हणजे आपल्यात अधिकारी होण्याचं काही नाही, असं तुझ्या पत्राच्या ओळीओळीत आहे. त्या दिवशी एक बुद्धिमत्ता चाचणी होते, एका धूसर चित्रावर गोष्ट लिहायची असते आणि अनोळखी मुलींच्या गटात ती सांगून चर्चा करायची असते. त्या गलक्यात तुझा आवाज त्या सकाळी पोचला नाही, इतकंच त्यातून कळतं. वय साडेएकोणीसच्या आत बसत असेल तर परीक्षा वर्षातून दोनदा होते. पदवीनंतर सीडीएस ही लष्करी अधिकारी निवडीची परीक्षा देऊन चेन्नईच्या अकादमीचाही रस्ता आहे. जायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तरी बीएस्सी काही शिक्षा नाही. पण हा हिशेब तुझ्या वहीत मांड, तिच्या पत्रात नको, निदान पहिल्या पत्रात तरी नको. नाहीतर ती बिचारी उत्तरात तुला मुलाखतीच्या युक्त्या लिहून पाठवेल आणि पुन्हा तुझा हात अडकेल.

आणि एवढ्यावर ही परीक्षा संपत नाही बरं. तिचं उत्तर येईल, मग कदाचित महिनाभर काहीच येणार नाही. पुढच्या टर्ममध्ये ग्रीनहॉर्न नावाचा कॅम्प असतो, पाचव्या टर्ममध्ये तोरणा. त्या आसपास तिला स्वतःचं नाव आठवलं तरी खूप. तीन वर्षांनंतर ती डेहराडूनला जाईल, किंवा नौदल घेतलं असेल तर एझिमला, हवाई दल असेल तर दुंडिगल. मग नेमणूक. लष्करात गेली तर एक दिवस तिचा पत्ता असा येईल ज्यात गावाचं नावच नसेल, नुसता युनिटचा नंबर आणि "द्वारा ५६ एपीओ". ती कुठल्या डोंगरावर आहे ते तुला कळणार नाही, पण पत्र पोचेल. या लष्करी टपाल खात्याचं प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे, म्हणजे तुझी पत्रं वाहणारा कुणीतरी इथेच शिकून गेलेला असेल. सांगायचं हे की तिच्या उत्तराची वाट बघत पत्रांची पाळी मोजत बसलीस तर दुसऱ्याच वर्षी हिशेब चुकेल. आधीची पाच तिची झाली आहेत. आता चार-पाच तुझ्याकडून जाऊ देत, उत्तर येवो न येवो.

पहिलं या रविवारी लिही. दोन पानं पुरेत. पत्ता तिच्या पाकिटामागे असेल तसाच्या तसा उतर: आधी कॅडेट, मग तिचा नंबर, नाव, स्क्वाड्रन (म्हणजे तिथला तिचा गट). स्क्वाड्रन विसरलीस तर पत्र त्या एवढ्या मोठ्या आवारात फिरत राहील. आणि पिन कोड घालायचा कंटाळा करू नकोस. १९७२ साली तो ज्यांनी आणला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतात कविता करायचे, त्या माणसाच्या मेहनतीचा मान म्हणून तरी सहाही आकडे लिही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकवासला, पुणे ४११०२३.